मामांचा बाजूबंद अंधारात

"ह्यो फोटू कुनी काढला?" हळदीच्या मांडवात शिरता शिरता नवरीच्या मामांनी विचारलं.

मी ऐटीत पुढे झालो. तीस वर्षं पनवेलात स्टुडिओ चालवतोय, पण इतकं देखणं पोर्ट्रेट हातून झालं नव्हतं.

ओवे गावातलं लग्न. दागिने घातलेल्या नवरीचा, मयुरीचा, माणसाएवढा फोटो मांडवाच्या दारात उभा केला होता. लाइट मी मुद्दाम फक्त तिच्या डाव्या बाजूने दिला होता. अर्धा चेहरा उजळलेला, बाकी सगळं हळूहळू काळोखात विरत गेलेलं. जुने युरोपियन चित्रकार अशी चित्रं काढायचे. त्याला इटालियनमध्ये 'किआरोस्कूरो' म्हणतात. हा शब्द टाकला की गिऱ्हाईक सहसा गप्प बसतं.

"मामा, हा किआरोस्कूरो आहे."

"असंल. आमचा बाजूबंद कुठं हाय?"

बाजूबंद उजव्या दंडावर होता, म्हणजे काळोखात. डाव्या हातात साखरपुड्याला सासरहून आलेलं कडं. ते मात्र झगझगत होतं.

"पावनं बोलतील, मामानं काय दिलाच नाय," असं म्हणून मामा गाडीत जाऊन बसले. "उद्या मी मांडवात येनार नाय."

नवरीला मांडवात आणायचं मामाने. मयुरी हळदीच्या पाटावरच रडायला लागली. मला म्हणाली, "काका, मामा नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही."

मला खरंच लाज वाटली. पोरीच्या हळदीत मी स्वतःची कला मिरवत बसलो होतो.

तिचे वडील, नामदेवशेठ, हळूच म्हणाले, "तुमची ती इटली राहू द्या. बाजूबंद भायेर काढा."

कॅमेऱ्याच्या मूळ फाइलमध्ये काळोखातलंही बरंच काही शिल्लक असतं. त्याला उजेड देणं म्हणजे शॅडो उचलणं. मी मामांच्या गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवला आणि शॅडो उचलायला लागलो.

"अजून," मामा आतून म्हणाले. मग खाली उतरले. "अजून. आता त्या कड्याचा उजेड जरा कमी कर."

केला. संध्याकाळच्या आत नवा फोटो छापून दारात लागला. मामा त्याच्यापुढे जरा वेळ उभे राहिले, आणि मग बेंजोवाल्यांच्या तालावर नाचायला गेले.

दुसऱ्या दिवशी मामांनी भाचीला मांडवात आणलं. अक्षता पडल्या. मी सुटलो म्हणून जेवायला बसलो, तर खारघरच्या विहीणबाई जवळ आल्या.

"फोटो सुंदर आहे हो. फक्त आमचं कडं जरा अंधारात गेलंय."

मी तोंड उघडलं. समोरून नामदेवशेठ बघत होते. मी जिलेबी तोंडात घातली.

आता लाइट लावण्याआधी मी कुठला दागिना कुणाकडचा ते विचारतो. मग सगळीकडून सारखा उजेड देतो. फोटो पासपोर्टसारखे येतात, पण गाडीत जाऊन कुणी बसत नाही.