आईच्या नावाऐवजी

आम्हा ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये शनिवारच्या प्रार्थनेनंतर मंडळींच्या बातम्या सांगायचं काम कंडक्टरकाकांकडे आहे. शनिवार म्हणजे आमचा शब्बाथ, विश्रांतीचा वार; त्या दिवशी लिहिणं वर्ज्य, त्यामुळे सगळं तोंडपाठ. नोकरीतून ते कधीच निवृत्त झाले, आवाज मात्र अजून ड्यूटीवर आहे. कुणाला नात झाली, कुणाचं लग्न ठरलं, हातपाय धुवायच्या जागेचा नळ कुणी उघडा टाकला, सगळं एकाच सुरात, पुढचे थांबे सांगावेत तसं.

सर्वांत शेवटी आजाऱ्यांसाठी प्रार्थना. आजाऱ्याचं नाव आम्ही त्याच्या आईच्या नावासह घेतो. वडिलांच्या नावासह घेतात ते गेलेल्याचं.

त्या शनिवारी काकांनी छापखानेवाल्याचं नाव घेतलं. काकांचा लहानपणापासूनचा मित्र, महिनाभर हॉस्पिटलात. आणि त्याला जोडलं वडिलांचं नाव.

सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. एरवी खोकणं हा आमचा अर्धा कार्यक्रम. वर बायकांच्या गॅलरीत छापखानेवाल्याची बायको, आमच्या वहिनी, कठडा धरून उभ्या राहिल्या.

"आईचं! आईचं नाव घ्या!" टेलरमास्तर कुजबुजले. त्यांची कुजबुज रस्त्यापर्यंत जाते.

काकांनी नाव सुधारून घेतलं, पण आवाज पार बसला होता. ते चौथऱ्यावरून खाली उतरले तेव्हा वहिनी दारात उभ्या होत्या.

"भावजी, गेले का ते?"

"छे छे! काल संध्याकाळी चांगला बोलत होता. जीभ घसरली हो, वहिनी."

"तुमची? इतक्या वर्षांत एक थांबा चुकला नाहीत."

शनिवारी आम्ही फोनला हात लावत नाही, गाडीत बसत नाही. दोघं हॉस्पिटलकडे चालत निघाले. वहिनी पुढे, काका मागे, धापा टाकत.

"डॉक्टर काही बोलले तुमच्याशी?"

काकांनी टोपी सारखी केली.

"अख्ख्या गावाच्या बातम्या सांगता ना? मग माझी सांगा."

"त्यानं शपथ घातलीय, वहिनी," काका म्हणाले आणि आपण काय बोलून बसलो हे कळून जागीच थांबले. वहिनी थांबल्या नाहीत.

छापखानेवाला उशीला टेकून चष्मा पुसत बसला होता. दोघांना पाहून म्हणाला, "हे काय, प्रार्थना लवकर आटोपली?"

वहिनी कॉटच्या कडेला बसल्या. आधी श्वास खाली बसू दिला.

"यांनी आज तुमचं नाव वडिलांच्या नावानं घेतलं. सगळ्यांसमोर."

छापखानेवाल्यानं दाराकडे पाहिलं. काका टोपी चुरगाळत उंबऱ्यावरच उभे होते.

"लेका, जरा घाई केलीस," तो म्हणाला. कुणी हसलं नाही.

"अहो, त्यांना बोलू नका," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही बोला. डॉक्टर काय म्हणाले, ते पहिल्यापासून सांगा."

त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. काकांनी बाहेरून दार ओढून घेतलं.