गालातली लिमलेटची गोळी

तर काल आपण त्याच्या गालातल्या गोळीपाशी थांबलो होतो. आमच्या बँडमधला ट्रम्पेटवाला, सगळे त्याला भोंगा म्हणत. फुंकणाऱ्याचं तोंड कोरडं पडता कामा नये, म्हणून गालात कायम लिमलेटची गोळी हवी, असं त्याचं शास्त्र. पाणी नावाची वस्तू जगात आहे, हे त्या थोर संशोधकाच्या कानावर आलं नसावं. सरावाला गोळी, वाजवताना गोळी, झोपतानाही गोळी. घोरणं म्हणजे तरी फुंकणंच ना. तीस वर्षं हा प्रयोग चालला. बाकीच्या फुंकणाऱ्यांनी, खुद्द बँडमास्तरांनीही तो भक्तिभावानं उचलला. मी ढोलावर होतो म्हणून वाचलो.

मग भोंग्याचा वरचा पुढचा दात हलायला लागला. ट्रम्पेट ओठांवर दाबून धरायचा, तर ओठामागं दात हवा. तो गेला की सूर गेला. बँडमास्तरांनी त्यांच्या नेहमीच्या मायेनं धीर दिला, "काळजी कशाला करतोस? झांजा घे. झांजांना दात लागत नाहीत." त्या दिवशी भोंगा जेवला नाही. गोळी तेवढी खाल्ली.

त्याच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, त्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं ओढत नेलं. मीही गेलो, आधार द्यायला म्हणून. खरं तर मजा बघायला.

"दिवसाला गोळ्या किती?" बाईंनी विचारलं.

"एकच," भोंगा म्हणाला.

"एकच?"

"म्हणजे एका वेळी एकच. संपली की दुसरी."

"ह्यांच्या तोंडाला रविवारचीसुद्धा सुट्टी नसते," वहिनी म्हणाल्या.

"मग दातांना तरी कुठली असणार?" बाई म्हणाल्या. "साखर आली की तोंडात आम्ल होतं, दाताचं कवच झिजवतं. वेळ मिळाला तर लाळ ते आवरते. तुम्ही तिला तीस वर्षं वेळच दिला नाहीत. गोड हवंच तर जेवणाबरोबर थोडं. मधल्या वेळेत नुसतं पाणी. हिरड्या तर सुजून आल्यात, म्हणून दात हलतोय. पालेभाजी, संत्रं, पेरू खा, दूध-दही घ्या. आणि नुसतं खाऊन भागणार नाही. दोन वेळा नीट घासायचं, साठलेला थर मी काढते."

घरी वहिनींनी झडती घेतली. उशीखाली गोळ्या, बुटात गोळ्या, ट्रम्पेटच्या पेटीत तर कोठारच. त्या जागी पाण्याची बाटली आली आणि काकडीच्या चकत्यांचा डबा. ज्यानं आम्हाला गोळीवर व्याख्यानं दिली, तोच आता लाळेवर देऊ लागला. पहिला भोंगा परवडला, असं आमचं एकमत झालं. बँडमध्ये त्याचं नाव ससा पडलं. मास्तरांनी झांजा पुसून कपाटात तयार ठेवल्या.

सहा महिन्यांनी बागेत कार्यक्रम होता. शेवटच्या चालीत ट्रम्पेटचा एक लांब, चढा सूर. तिथं दात डगमगला की संपलं. वहिनी पहिल्या रांगेत पदर मुठीत धरून बसल्या होत्या. भोंग्यानं पाण्याचा घोट घेतला, ट्रम्पेट लावला आणि सूर असा धरला की मी ढोल वाजवायचा विसरलो. दात जागच्या जागी होता.

मास्तर सुजलेल्या गालावर हात धरून आले. ठणका लागलेला, तरी दुसऱ्या गालात गोळी होतीच. खूश होऊन त्यांनी खिशातून एक लिमलेट काढली आणि भोंग्यापुढं धरली, "घे, आज तरी घे."

भोंगा म्हणाला, "तुम्हीच खा, मास्तर. झांजा कपाटात पुसून ठेवल्यात, आणि त्यांना दात लागत नाहीत."