शबानाबाईंच्या खुर्चीवरून दिसलेलं पान

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. माझी तर कॉम्प्युटरची दुकानदारी होती...

२००८-०९ च्या सुमारास वडशाला स्टेशनरोडवर माझं सायबर कॅफे होतं. चार मशीन. गिऱ्हाइकाने सांगायचं आणि मी माझ्या काउंटरवर टाईप करून द्यायचं, अशीच पद्धत. स्वतः बसून शोधणाऱ्या फक्त शबानाबाई. नाटकांचे कपडे शिवायच्या, नेटवर डिझाईन बघायच्या. त्यांचा नवरा सलीम नाटकांचे लाईट लावायचा. नाटकांचा सीझन संपल्यावर कामासाठी आंध्रात गेला, आणि दोन महिने पत्ता नाही.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "भाऊ, मी काई बी टाकलं तरी पयले एकच पान येते. दवाखान्याचं. बेवारस पेशंटचा फोटो हाये. सलीम हाये तो."

मी उठलो नाही. त्यांनी टाकलेलेच शब्द विचारून माझ्या काउंटरवरच्या मशीनवर टाकले. काही आलं नाही.

"माह्या खुर्चीवर येऊन पाहा न, भाऊ."

"नेट सगळ्याईले सारखंच रायते, बाई. तुमाले जे पाह्याचं हाये थेच दिसून राह्यलं."

काउंटरपाशी बसलेली दोन गिऱ्हाइकं हसली. संध्याकाळी मी त्यांच्या दिराला सांगितलं, वहिनीकडे लक्ष दे, डोकं ठिकाणावर नाही. त्याने त्यांचं बाहेर पडणं बंद केलं.

तीन आठवड्यांनी त्यांच्या घरी फोन आला. सलीम गोदावरीपलीकडच्या एका दवाखान्यात वारला होता. बाईंनी मला सांगितलं त्या दिवशी तो जिवंत होता, बेशुद्ध.

पुढे भाच्याकडून कळलं... एकच शब्द टाकला तरी प्रत्येकाला वेगळं दिसू शकतं. आधी काय काय शोधलं, त्यावरून ते ठरतं. बाई तर त्या दोन महिन्यांत रोज सलीमचंच नाव शोधायच्या. म्हटलं, मिळालं उत्तर.

पण दीर मयत आणायला गेला तेव्हा दवाखान्यातल्या लोकांनी त्याला सांगितलं होतं की फोटो नेटवर टाकला तो सलीम वारल्यानंतर. त्याआधी असं पानच नव्हतं.

मग बाईंनी काय पाहिलं? मला आजही माहीत नाही.

मी दोनदा माफी मागायची म्हणून त्यांच्या दारी गेलो. पहिल्यांदा सदऱ्याला बटण लावून घेतलं. दुसऱ्यांदा चहा प्यालो. दोन्ही वेळा तसाच परत आलो. मागच्या उन्हाळ्यात त्या वारल्या.

बाई, तुम्ही खोटं बोलत नव्हता. मी चार पावलं उठून यायला पाहिजे होतं. मला माफ करा.