पाण्यात उभ्या खुट्या

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की दगडूमामा चपला काठावर काढून ठेवायचे आणि बुडालेल्या रस्त्यावर अनवाणी उतरायचे, देवळात जावं तसे. धरणाआधी माकणीकडची एसटी याच रस्त्यानं धावायची आणि मामा त्याचे मैलकुली होते. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं. पुढं रस्ता पाण्यात गेला, लांबून वळसा घेत नवा डांबरी रस्ता आला, मामाही निवृत्त झाले. पण म्हणायचे, "सरकारनं मला सोडलं, म्या रस्ता सोडला न्हाय."

वैशाखात जुना रस्ता उघडा पडला की तासाभराची वाट दहा मिनिटांवर यायची. मग सगळ्या गावाला घाई सुटायची. मामा मात्र आठ-आठ दिवस कुणाला उतरू द्यायचे नाहीत. चिखल तळपायानं दाबून बघायचे, मग दोन्ही कडांना बाभळीच्या खुट्या रोवून पांढऱ्या चिंध्या बांधायचे. चिंध्या दिसल्या की जीपा, मोटारसायकली बिनघोर सुटायच्या. पाणी चढायची चाहूल लागली की मामा खुट्या उपटून घरी आणायचे. रस्ता बंद! कुणी कुरकुर केली तर भडकायचे. "खुटी दिसती तवर लोक डोळं झाकून गाडी घालत्यात. पाण्यात उभी ऱ्हायल्याली खुटी लई वाईट. वढ्यावरची फरशी पाण्यानं खालून खाल्ल्याली आसती, वरून कळत न्हाय." मी मास्तर माणूस, हे हसण्यावारी नेत असे.

त्या वर्षी मामा तापानं फणफणले होते. शाळेतून येताना मी डोकावलो. "गुरुजी, वर पाऊस झालाय. माझ्या पायांत त्राण न्हाय. आजच्या आज खुट्या काढा." मी हो म्हणालो. पण दुसऱ्या दिवशी माझ्या पोरीची सुपारी फुटायची होती आणि पाहुणे पलीकडून जीपनं यायचे होते. जाऊन बघितलं तर रस्ता कोरडा ठणठणीत. म्हटलं, एका दिवसानं काय बिघडतंय! संध्याकाळी मामांनी विचारलं, "काढल्या का?"

"काढल्या, मामा."

ते भिंतीकडं तोंड करून निवांत झोपले.

पाहुणे आले, जेवले, खूश होऊन परत गेले. येताना जीपची चाकं ओली झाली होती, एवढंच. त्या गडबडीत मी खुट्यांचं साफ विसरलो. छे, आता खोटं कशाला बोलू? विसरलो नव्हतो. दमलो होतो, सकाळी बघू म्हटलं.

सकाळी माझ्याआधी कांताबाईंचा पोरगा विष्णू मोटारसायकलला दुधाचे कॅन लावून निघाला. पाणी रस्त्यावर चढलं होतं, पण दोन्हीकडं चिंध्या होत्या. त्यानं मधून गाडी घातली. गाडी फरशीपाशी सापडली, विष्णू दुपारी सापडला.

अख्खं गाव मामांच्या अंगणात जमलं. मीही होतो. सरपंच ओरडला, "मामा, खुट्या का काढल्या न्हाईत तुमी?"

मामा गोधडी गुंडाळून ओट्यावर आले. माझ्याकडं एकदाच बघितलं.

"इसरलो," ते म्हणाले. "म्या इसरलो."

नंतर एकटं गाठून मी त्यांच्यापुढं रडलो, तर म्हणाले, "पोरीचं लगीन व्हायचंय, गुरुजी. गप ऱ्हावा. मला कोण हाय मागं?" त्यानंतर गाव त्यांच्याशी बोललं नाही, जुना रस्ताही बंदच पडला. गिरणीत ते आले की बायका डबे घेऊन बाजूला व्हायच्या. पोरीचं लग्न झालं, तिला मूलही झालं, तरी मी गपच राहिलो. गेल्या थंडीत मामा गेले, तेव्हा मयतीला आम्ही सातजण होतो.

आता पाणी पुन्हा उतरलंय. काल सरपंच घरी आला.

"गुरुजी, औंदा खुट्या तुमीच रोवा. मामा शेवटी इसरभोळे झालते. त्या मानानं तुमी भरवशाचे. कांताकाकूच म्हणल्या, गुरुजींनाच सांगा म्हणून."

मी त्याला बसा म्हणालो आणि चहाचं सांगायला आत गेलो.