जवळा गेला तळ्यात

दापोलीच्या स्टँडवर कंडक्टरने माझ्या पिशवीकडे बघून नाक मुरडलं, तेव्हा मला समाधान वाटलं. जवळा चांगला वाळला होता. नखाएवढी ती सुकी कोळंबी आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. पण ती घाटावर न्यायची म्हणजे शेजारच्या सीटवरच्या माणसाची नजर चुकवत बसावं लागतं. मी खुशाल बसले. सायलीला, माझ्या लेकीला, सहावा महिना लागला होता आणि तिला अन्न जात नव्हतं. घास तोंडात फिरतो म्हणायची. फोनवर एकच मागणं, आई, जवळ्याची चटणी कर.

संभाजीनगरला सकाळी उतरले तर व्याही न्यायला हजर. दादाराव हे मोठ्या मिशांचे, हसऱ्या चेहऱ्याचे गृहस्थ. वडील मेंढपाळ होते. हे स्वतः वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि आता रविवारी गळ टाकतात. हर्सूलला त्यांचं घर आहे. सायली दारात आली. गाल बसलेले, हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी तडक स्वयंपाकघराकडे निघाले, तर विहीणबाई हळूच म्हणाल्या की आज शनिवार, घरात पाळतात. त्यांनी पिशवी दोन बोटांत धरून बाहेर गॅलरीतल्या खुंटीला टांगली. चटणी उद्या दुपारी करायची ठरली. त्या दिवशीही पोरीने दोन घास खाऊन ताट सारलं.

रविवारी सकाळी दादारावांनी मला तळ्यावर चलायचा आग्रह केला. खाडीकाठची बाई मी, नाही कशाला म्हणेन? जुन्या ओमनीतून आम्ही निघालो. दौलताबादच्या पुढे रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या मांडल्या होत्या. दोन सीताफळं मी गाडीतच संपवली आणि बिया खिडकीतून उडवल्या. खुलताबादला शकीलभाई गाडीत चढले. ते दादारावांचे कारखान्यातले जुने सोबती, आता दर्ग्याजवळ त्यांचं अत्तराचं छोटं दुकान आहे. त्यांच्या ओळखीच्या माणसाकडे पलीकडच्या तळ्याचा ठेका होता, त्यामुळे गळ टाकायला मुभा होती.

शकीलभाईंनी चारा (माशांना जमवायला पाण्यात टाकायचं खाणं) कालवला. भाताचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड आणि दुकानातल्या केवड्याचा एक थेंब. थोड्याच वेळात रोहू लागला. वीतभर. मग दुसरा, तोही वीतभर. तिसरा तर दुसऱ्याचा जुळा भाऊच.

मला गप्प बसवेना. मी म्हटलं, जागा बदलू या. आमच्या खाडीत तांबोशीचं (लालसर, चवीचा समुद्री मासा) असंच असतं. बोटभर बोटभरांसोबत हिंडतात, हातभर हातभरांसोबत. बारकी लागली की आम्ही होडी पुढे नेतो.

दादाराव जागचे हलले नाहीत.

"मेंढरांत कोकरू बी आसतंय अन् एडका (मेंढा) बी आसतोय, ईनबाई (विहीणबाई). मासा काय येगळा हाय व्हय?"

माशाला मेंढरू म्हणणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. हसू दाबत मी आपली गळाची दोरी घेऊन बांधावरून खोल पाण्याकडे गेले. तिथे बराच वेळ बसूनही माझ्या दोरीला कुणी हुंगलं नाही. कंटाळून परतले, तर दादाराव ओंजळीने काहीतरी गुलाबी पाण्यात फेकत होते. बाजूला माझी पिशवी उलटी पडली होती. रिकामी.

"दादाराव, तो जवळा सायलीचा होता."

त्यांचा हात तसाच राहिला. खुंटीवरची पिशवी गळाशेजारी लटकत होती, वास माशाचा होता, म्हणून निघताना त्यांनी तीही गाडीत टाकली. त्यांना वाटलं, मी खास समुद्राचा चारा आणलाय. जवळा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. मिशांचा तो एवढा माणूस बांधावर मटकन बसला.

"पोरगी उपाशी हाय," ते म्हणाले, "अन् म्या तिचा घास मासोळ्याला घातला."

मला राग आला होता, खूप आला होता. पण त्यांचा चेहरा बघून तो कुठे ठेवावा कळेना. तेवढ्यात शकीलभाई म्हणाले, "आपा, पहले पानी तो देखो."

पाणी खदखदत होतं. वीतभर रोहू होतेच, त्यांच्या खालून हातभर आले, आणि मागून एक तांबूस शेपटी अशी फिरली की मी दोरी टाकायची विसरले. सगळे एकाच जागी, एकमेकांना ढुशा देत जवळा खात होते. शकीलभाईंच्या गळाला मधला लागला, माझ्या दोरीला बारके दोन. आणि दादारावांच्या गळाला तो थोरला! तिघांनी मिळून त्याला बाहेर ओढलं.

शकीलभाई पाय पुसत म्हणाले, "चलते वक्त अपनी-अपनी टोली. दस्तरखान (जेवायला अंथरायची चादर) पे सब साथ."

म्हणजे मीही खरी आणि मेंढरवाले दादारावही खरे. आम्ही गाडीत बसून परत निघालो. मासे मिळाले होते, जवळा गेला होता, आणि पोर काय खाणार हे कुणालाच माहीत नव्हतं.

माझ्याकडे आमसुलं होती, विहीणबाईंकडे काळा मसाला. थोरल्याचं कालवण केलं, बारके कुरकुरीत तळले. सायली दारात आली आणि जवळा कुठाय म्हणाली. दादारावांनी पुढे होऊन सगळं स्वतःच सांगितलं, एडक्यासकट. ती ऐकत राहिली आणि मग पोट धरून हसायला लागली. हसता हसता तिने एक बारका मासा उचलला, खाल्ला, दुसरा उचलला. मग म्हणाली, भाकरी आहे का गरम?

विहीणबाई तव्याकडे धावल्या. माझे डोळे भरून आले, ते मी मिरचीवर ढकललं.

त्या घरात आधी पुरुष जेवतात, मागून बायका. दादाराव पाटावर बसलेले उठले, सतरंजी लांब पसरली आणि म्हणाले, "आज समदे संगंच बसा." विहीणबाई आधी लाजल्या, मग लेकाच्या, म्हणजे माझ्या जावयाच्या, शेजारी बसल्या. सायलीने कालवणात तिसरी भाकरी मोडली, तेव्हा मी मोजणं सोडून जेवायला लागले.

निघायच्या दिवशी दादाराव बसच्या खिडकीशी उभे राहिले. सीताफळांची पिशवी आत दिली आणि घुटमळले.

"पुढच्या बारीला दोन पिशव्या आणा, ईनबाई. एक पोरीला, एक तळ्याला."

घरी आले. प्रवासाला जाताना मी मनात म्हणत होते की समुद्र न पाहिलेल्या माणसांत माझी लेक कशी रुळणार. आता म्हणत नाही. अंगणात जवळा वाळत घातलाय, आणि वाटे दोन केलेत.