मधलं पान

आज सकाळी कुंडीच्या मधोमध एक कोवळं पान दिसलं, टोकाशी नीट वळलेलं.

हे रोप धाकट्या भावाने दिवाळीत पाठवलं होतं. माझ्याच हाताखाली शिकून त्याने माझ्या दुकानासमोरच स्वतःचं दुकान थाटलं, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. मी रोप परत धाडणार होतो.

"अहो, रोपाने काय केलंय तुमचं?" बायको म्हणाली.

म्हणून स्प्रिंगसारख्या कुरळ्या, रसाळ पानांचं ते रोप गल्ल्याशेजारी ठेवलं. रोज दुकान उघडताना पायरीवर पाणी शिंपडायचं आणि तांब्यात उरलेलं त्याला घालायचं. महिन्याभरात पानं सरळ होऊन लोंबली. मी तणतणत रस्ता ओलांडला.

"फसवं रोप दिलंस."

"दादा, त्याला भरपूर ऊन लागतं आणि पाणी बेताचं. उन्हापाण्याच्या हिशेबात तुझी दुकानातली घासाघीस चालायची नाही."

रोप पायरीवर उन्हात आणलं, रोजचं पाणी बंद केलं. लोंबलेली पानं काही पुन्हा वळली नाहीत. माझ्या मनातलं जुनंही तसंच आहे, ते मी सोडलेलं नाही. पण झाड जुन्या पानांपाशी अडून बसत नाही, मधून नवं काढतं.

समोर भाऊ शटर उघडत होता.

"ये रे," मी हाक मारली, "पान बघून जा. चहा सांगतो."