कुरवंड्याचा गालिचा कुणी वाळवला?

भुताखेतांचं मला सांगू नका, असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. माझा धंदा ड्रायक्लीनिंगचा. डाग चहाचा, शाईचा की गंजाचा हे कळलं की तो कशाने जाईल तेही कळतं, आणि जो कशानेच जाणार नाही त्याच्यावर गिऱ्हाइकाची सही घेऊन ठेवायची... इतकं सरळ माझं तत्त्वज्ञान. या सदरातल्या पिंपळावरच्या बायका आणि घुंगरांचे आवाज मी घरात मोठ्याने वाचून दाखवतो आणि पोट धरून हसतो. परवा असाच हसत होतो, तेव्हा घरातून हुकूम सुटला — "लोकांना हसता, मग आपलं लिहा की!" म्हणून लिहितोय. खरं वाटो न वाटो, पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

साल सहासष्ट की सदुसष्ट. लोणावळ्याच्या बाजारात माझ्या काकांची लाँड्री होती. मी चोवीस वर्षांचा, पुण्यात सहा महिने राहून ड्रायक्लीनिंग शिकून आलेलो, म्हणजे स्वतःला अर्धा शास्त्रज्ञ समजणारा. कोट, शालू, पडदे आम्ही घेत असू, पण गालिचा म्हटलं की हात जोडायचो. लोणावळ्यात पावसाळ्याचे चार महिने रुमाल वाळत नाही, तिथे बारा बाय नऊचा लोकरीचा गालिचा कोण वाळवणार? दोन दिवस ओला राहिला की त्याला वास येतो आणि पुढे खालचं सूत कुजायला लागतं. म्हणून बंगल्यांवरचे गालिचे आले की मी ते टांग्यात घालून कुरवंड्याला आबांकडे पोहोचवायचो.

आबा म्हणजे पन्नाशी ओलांडलेला काटक माणूस. तरुणपणी एका बंगल्यावर माळी होते, तिथे हे काम शिकले. गावाच्या बाहेर, नागफणीच्या कड्याकडे जाणाऱ्या वाटेला त्यांची पत्र्याची शेड होती. एक दार, दोन जाळीच्या खिडक्या, आणि आत बांबूचा लांबरुंद माच. कोकणातून कडा चढून येणारा वारा त्या माचाच्या खालून-वरून फिरायचा. पण आबांची खरी करामत वाऱ्याची नव्हती, कमी पाण्याची होती. आधी गालिचा कोरडाच झोडपायचा, धूळ संपेपर्यंत. मग परातीत रिठ्याचं पाणी घुसळून नुसता वरचा फेस लोकरीवर फिरवायचा आणि लगेच लाकडी फळीने, लोकरीच्या कलाने, मळासकट ओढून काढायचा. वर जुन्या धोतरांच्या कोरड्या घड्या पसरून अनवाणी पायांनी तुडवायचं, म्हणजे उरलेली ओल धोतरात येते. मग माचावर. ऐन पावसाळ्यात दीड दिवसात गालिचा तयार!

"गालिच्याला पानी नुसतं दाखवायचं रं," ते मला म्हणायचे, "पाजायचं न्हाई."

घरात आबा आणि त्यांची मुलगी सुली, दोघंच. आता लपवण्यात अर्थ नाही... मी गालिचे पोहोचवायला जायचो हे खरं, पण हळूहळू एकेक पायपुसणंसुद्धा स्वतः घेऊन जायला लागलो, तेव्हा काकांना संशय आला. सुली एकोणीस वर्षांची, हसरी, फटकळ. पहिल्या भेटीतच म्हणाली, "लाँड्रीवालं ना तुमी? मग शर्टाची कालर का मळकी?" संपलो मी तिथेच.

काकांनी रीतसर मागणी घातली. आबांनी चहा पाजला, विचार केला, आणि मलाच समोर बसवून म्हणाले, "पोरगा वाईट न्हाई तू, वसंता. पन तुला समदं मशीन करतं. माज्या भैनीनं परंदवडीचं एक स्थळ बगितलंय, शेतीवाडीचं. आता गौरीला आमी तिच्याकडं जानार, तवा ती इचारनार. तवर एक गालिचा माज्याबिगर धुवून, वाळवून दाखव. शनिवारी सकाळी येऊन हात लावून बगीन. जमलं तर सुली तुजी, न्हाई तर परंदवडीला व्हय म्हनून सांगतो."

सुली दाराआडून माझ्याकडे बघत होती. तिने हाताने फेस घुसळल्याची खूण केली आणि मग बोट नाचवलं... पाणी कमी! मी ऐटीत मान हलवली.

गालिचाही साधासुधा नव्हता. तुंगार्लीच्या एका पारशी बाईंचा, गर्द तांबडा. रविवारी त्यांच्या नातवाची नवजोत, म्हणजे पारशांची मुंज, तेव्हा शनिवारी दुपारपर्यंत तो दिवाणखान्यात पाहिजेच होता. गुरुवारी सकाळी आबा आणि सुली गाडीने गेले, बेगडेवाडीला उतरून पुढे चालत परंदवडीला. मी शेडमध्ये एकटा.

आणि मी माती खाल्ली. मला रिठ्याचा फेस म्हणजे जुनाट प्रकार वाटला. दुकानातून साबणाची पावडर आणली होती, ती भरपूर फासली. फेस असा आला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. पण तो जाईना! लाँड्रीवाल्याचा हात... साबण लावला की पाणी नितळ येईपर्यंत खळबळून काढायचा. मी बादल्यांवर बादल्या ओतत गेलो. पाणी नितळ आलं तेव्हा दुपार उलटली होती आणि गालिचा व्यायलेल्या म्हशीसारखा जमिनीला चिकटून बसला होता. मी, टांगेवाला आणि वाटेवरचे दोन गुराखी, चौघांनी मिळून तो कसाबसा माचावर चढवला.

शुक्रवारी उजाडलं ते धुकं घेऊनच. हात लांब केला तर बोटं दिसेनात. कड्यावरचा तो प्रसिद्ध वारा ठार पडला होता, पान हलत नव्हतं. माचाखाली थेंबांची सतार चालू होती. मी माचावरच धोतरं पसरली, तुडवायला लागलो, दोनदा घसरून आपटलो. धोतरं पिळून पिळून तळहात सोलले, पण गालिचा होता तसाच. मला रडू यायला लागलं, आणि ते कुणासाठी येतंय हेही कळत होतं. परंदवडीचा तो कोण शेतीवाडीवाला, त्याचं तोंडही न बघता मला त्याचा राग आला होता.

दुपारी कोरडी पोती मिळतात का बघायला गावात गेलो. गौरीजेवणाचा दिवस, घरोघर पुरणाचा वास आणि बायकांची धांदल. पोती कुणी देईना असं नाही, पण जेवल्याशिवाय कुणी देईना! एका मावशीने हात धरून पानावर बसवलं. "आबाचा व्हनारा जावई ना तू?" गावाला सगळं ठाऊक होतं. "व्हनारा का न व्हनारा ते उद्या कळेल," मी म्हणालो, आणि डोळ्यांत पाणी असताना चार पोळ्या खाल्ल्या. खोटं कशाला बोलू, पाचवीही घेतली.

पोती डोक्यावर घेऊन परतलो तेव्हा चार वाजत आले असतील. शेड धुक्यात दिसत नव्हती, पण लांबूनच आवाज आला. थप... थप... थप... पाय तुडवल्याचा, आणि त्याच ठेक्यात काकणांचा. मी धावलो. दार अर्धवट ओढलेलं होतं. गावातली कुणीतरी बाई माझी दया येऊन मदतीला आलीये, हे मला लगेच पटलं. आता बाई तुडवत असणार म्हणजे लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं असणार, आणि मी परका तरणा माणूस आत कसा घुसणार? मी पोती खाली ठेवली आणि दाराकडे पाठ करून उंबऱ्यावरच बसलो.

"मावशी, लय उपकार झाले बघा," मी म्हटलं.

आतून हसू आलं. थप थप थांबली नाही.

माणूस कंटाळलेला असला आणि ऐकणारं कुणी भेटलं की त्याचं तोंड सुटतं. मी सगळं सांगत बसलो. साबणाची पावडर, आबांची अट, परंदवडी... आतून मधूनमधून नुसता "हं" यायचा. मी म्हणालो, "सुलीला मी सुखात ठेवीन हो. दुकान लहान आहे, पण माझं वाढवायचं मनात आहे. तिला शिवणाची आवड आहे, मशीन घेऊन देणार." "हं." मग मी म्हणालो, "फक्त एक आहे, तिच्या हातची भाकरी खाताना दात सांभाळावे लागतात." यावर जे हसू आलं ते इतकं मोकळं होतं की मीही हसायला लागलो. भीती? छे! इतकं बरं मला आठवडाभरात वाटलं नव्हतं.

किती वेळ गेला कळलं नाही. आवाज थांबला. मी खाकरलो, म्हणालो, "येऊ का आत?" थोडं थांबून दार ढकललं.

आत कुणी नव्हतं.

एकच दार, त्याच्या उंबऱ्यावर मी बसलेलो. खिडक्यांना जाळ्या, शाबूत. माझी धोतरं एका कडेला चौघडी करून ठेवलेली, आणि ती कोरडी! जमीन कोरडी. मी गालिच्यात बोटं खुपसली, उलटून खालचं सूत चाचपलं, गालाला लावून बघितलं. कोरडा ठणठणीत. उन्हात ठेवल्यासारखा थोडासा ऊबदारसुद्धा. मग एवढं पाणी गेलं कुठे, हा विचार डोक्यात आला, आणि तेव्हा मात्र माझ्या अंगावर काटा आला. त्या रात्री मी शेडमध्ये झोपलो नाही, पोळीवाल्या मावशींच्या ओसरीवर झोपलो. भ्यालो म्हणून नव्हे... बरं, भ्यालो म्हणूनच.

शनिवारी सकाळी आबा आणि सुली आले. धुकं फाटून स्वच्छ ऊन पडलं होतं. गावातून शेडकडे येताना मी मनाशी ठरवलं होतं, कुणाला काही सांगायचं नाही. आबांनी उलट्या हाताने गालिचा चाचपला, वाकून वास घेतला.

"तूच केलंस?"

"हो, मीच," मी म्हणालो.

"एकट्यानं?"

"एकट्यानं."

सुलीचा चेहरा असा फुलला की ते खोटं बोलल्याचं मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. आबा खूश होऊन गालिच्याभोवती फिरायला लागले. कोपऱ्याशी आले आणि थबकले. तिथे लोकर गोल पिळवटून दबली होती, वाटीच्या तोंडाएवढी. ते दुसऱ्या कोपऱ्याशी गेले. तिथेही तसंच. चारी कोपऱ्यांवर. आणि मधे, नीट बघितलं तर, ओळीने पावलं उमटलेली.

"वसंता," आबांचा आवाज बदलला होता. "हितं कोन आलतं?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि सगळं सांगून टाकलं. काकणं, हसू, उंबरा, भाकरीसुद्धा. आता लग्न मोडलं, हेही कळत होतं.

आबा कोपऱ्याशी उकिडवे बसले. त्या गोल खळग्यावरून त्यांनी बोट फिरवलं, आणि एकदम, रिकाम्या शेडकडे बघून, नेहमीच्या वैतागाने ओरडले — "आगं, किती येळा सांगितलं तुला, कोपऱ्यावर टाच फिरवू नको म्हनून! लोकर मोडती!"

आणि हसायला लागले. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि हसताहेत.

सुली चार वर्षांची असताना तिची आई गेली होती. त्याआधी आबा फळी ओढायचे आणि बायको तुडवायची. बाकी सगळे गालिचा संपला की खाली उतरून वळतात. ही बाई उतरायची नाही, कोपऱ्यावर टाचेवर गर्रकन फिरायची. त्यावरून नवराबायकोचं प्रत्येक गालिच्याला भांडण. मरेपर्यंत तिने ऐकलं नाही, आणि नंतरही ऐकलेलं दिसत नव्हतं.

"सुलीच्या आईनंच तुज्याशी लग्नाची बोलनी केलीत," आबा डोळे पुसत मला म्हणाले. "आता मी कोन न्हाई म्हननार? परंदवडीला कळवतो मी."

मला नाचावंसं वाटत होतं, पण सुली त्या पावलांकडेच बघत होती. तिला आई आठवत नव्हती. घरात एक फोटो नव्हता. तिने चपला काढल्या, गालिच्यावर चढली आणि पहिल्या ठशावर पाऊल ठेवलं. पाऊल ठशाबाहेर आलं. दुसऱ्यावर ठेवलं, तेही बाहेर. अशी ती ठशांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, आणि तिथून वळून म्हणाली, "आबा, माजी आई माज्याहून ल्हान व्हती!"

काय सांगू तुम्हाला तिचा चेहरा! जणू कुणी आताच तिची आणि आईची गाठ घालून दिली होती.

गालिचा देण्याआधी लोकर ब्रशने एका कलाने करायची असते. आबांनी ब्रश उचलला, ठेवला. मला तर हिंमतच नव्हती. शेवटी सुलीच बसली आणि हळूहळू सगळी पावलं पुसत गेली. तीन कोपरे केले. चौथा तसाच ठेवला. दुपारी बंगल्यावर आम्ही तो कोपरा पुस्तकांच्या जड कपाटाखाली घातला, आणि बाईंनी गालिच्याचं तोंडभरून कौतुक केलं.

त्यानंतर मी कुरवंड्यात घर अन् घर विचारलं. त्या दिवशी कुणीही बाई स्वयंपाक सोडून बाहेर पडली नव्हती. वारा सुटला असेल म्हणावं, तर वाऱ्याला काकणं कुठली? पुढे चाळीस वर्षं मी हजारो गालिचे वाळवले, पंखे लावून, मशीन लावून, पण इतका ओला गालिचा एका दुपारीत वाळवणं मला कधी जमलेलं नाही. मी आजही भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. फक्त सासूबाईंबद्दल कुणी काही विचारलं, तर भेट झालीये म्हणून सांगतो.

हे सगळं लिहून झाल्यावर बायकोला वाचून दाखवलं. तिने डोळे मिटून ऐकलं. भाकरीची ओळ काढा म्हणाली, ती मी काढलेली नाही. मग तिने विचारलं, "पाय माझ्याहून लहान होते, ते नीट लिहिलंत ना?"

लिहिलं, म्हटलं.